जात्याखालचं पान

लोणाळी, ता. ३ एप्रिल १९३६

ती. दादास गोजरचा नमस्कार.

घरी आई-आबा बरे आहेत. कुशल एवढंच लिहिते, कारण मला राग आला आहे आणि राग झाकून गोड लिहिणं मला जमत नाही.

काल सकाळी ग्यानबाने हलगी वाजवून तुमच्या कचेरीचा हुकूम गावाला सांगितला. तळ्यात पाणकणसाची एकच जात आहे, तिने पाटाचं तोंड बुजवलं आहे, म्हणून वीस तारखेपासून सगळं मुळासकट उपटायचं. मोकळा झालेला तळ गाळपेरीला द्यायचा, म्हणजे पाणी उतरलं की गाळात ज्याला मिळेल त्याने पेरायचं.

एकच जात? दादा, जानेवारीत तूच विचारलं होतंस की आपल्या तळ्यात पाणकणीस एका जातीचं आहे की दोन, आणि कुठलं कुठे उभं आहे. दोन असतील तर पाट बुजवणारं तेवढंच काढू, दुसऱ्याला हात लागणार नाही, असंही लिहिलं होतंस. म्हणून मी आठ दिवस तळ्याची कड सोडली नाही. आबा म्हणाले, "पाटलाची पोरगी चिखल तुडवून राहिली, लोक काय म्हणतील?" तरी गेले. नकाशा काढला. दोन्ही जातींची पानं पाठवली, प्रत्येकाला दोरा बांधून चिठ्ठी लावली.

ते पत्र हरवलं असेल तर पुन्हा लिहिते. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. तीच उभी पानं, तेच तपकिरी कणीस. पण बुंध्याशी पान जिथे दांड्याला गुंडाळलेलं असतं, तिथून वीतभर वर कापलं की एकाचा काप हरभऱ्याच्या डाळीसारखा निघतो, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. दुसऱ्याचा काप शिंगाड्यासारखा, तीन कोनांचा. वर शेंड्याकडे दोन्ही पानं चपटी होतात, तिथे पाहून काही कळत नाही. डाळीचं उथळ पाण्यात पाटाजवळ आहे आणि तेच पाट बुजवतं. तीन कोनांचं पूर्वेला बांधाखाली खोल पाण्यात आहे, ते तिथून हललेलं नाही.

थावरा नाईकाच्या तांड्यातली पंधरा घरं त्या दुसऱ्याच्या चटया विणून जवळा बाजारच्या बाजारात नेतात. बैलांवरून धान्य वाहायचे दिवस गेल्यापासून त्यांच्या हाताला एवढंच काम उरलं आहे. पहिल्याची चटई एका पावसाळ्यात कुजते. तळं गेलं तर तांडा उठेल, असं थावरा काल आबांच्या तोंडावर म्हणाला.

हे सगळं तुला कळवलं होतं. मग एकच जात कुणी लिहिली? उलट टपाली उत्तर दे.

गोजर


परभणी, ता. ९ एप्रिल १९३६

चि. गोजरीस संतरामचे आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं आणि वाटलं, तू लाटणं घेऊनच समोर उभी आहेस. इतकं रागवायला काय झालं?

तुझं टपाल हरवलं नव्हतं. दोन्ही पुड्या साहेबांच्या टेबलावर मी स्वतः सोडल्या. आत काय निघालं? दोन पानं, दोन्ही कागदासारखी सपाट. ना डाळ, ना शिंगाडा. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, उलटं केलं, उजेडात धरलं. मग हसून म्हणाले, "एक चौडा है, एक पतला. ये माँ है, ये बच्चा है." मग एक जात उंच का, असं विचारलं तर म्हणाले, खोल पाण्यात कुठलंही गवत उंच वाढतं. मी काय लिहायला हवं होतं? समोर होतं ते लिहिलं, आणि तुझी पानं तुझ्या चिठ्ठ्यांसकट तळ्याच्या मिसलीत, कागदांच्या जुडीत, लावली. कचेरीचं काम असं कागदावर चालतं.

चूक तुझी आहे असं मी म्हणत नाही. घरात बसून शिकलेल्या मुलीने एवढं केलं हेच पुष्कळ आहे. पण आता तो विषय सोड. तांड्यावर एकटी जात जाऊ नकोस, आबांना ते आवडत नाही. गोरेगावची मंडळी वैशाखात तुला पाहायला येणार आहेत, हातापायांच्या चिखलाचं तेवढं बघ.

तुझा दादा


लोणाळी, ता. १३ एप्रिल १९३६

ती. दादास नमस्कार.

तुझ्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात तुला खोटारडा म्हटलं होतं, आणि टपालाच्या पेटीत घालण्याआधी मनात आलं की एकदा खात्री करावी. मी पाठवली तशीच पानांची दुसरी जोडी घरी ठेवली होती. ती काढली. दादा, तू लिहिलंस तशीच आहेत. दोन्ही सपाट.

ओलं पान टपालात कुजेल, चिठ्ठीची शाई पसरेल, साहेबांपुढे घाण जाईल, म्हणून मी ती पानं जुन्या कागदात घालून जात्याखाली ठेवली होती. आठ दिवस. रोज सकाळी आई त्यावर दळत होती. पाणकणसाचं पान आतून पोकळ खणांचं असतं, सगळी हवाच. तिन्ही कोन जात्याने बसवून टाकले. मी निगुतीने केलं, आणि जे दाखवायचं होतं तेच मोडून पाठवलं. 

मी जिवनबाईला सांगायला तांड्यावर गेले. तू नको म्हणालास, तरी गेले. ती थावराची बायको, विणायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काहून आली पाटलीण? आनखी पान पायजे?"

मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी पानं जात्याखाली दाबून पाठवली."

"जात्याखाली?" तिने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "ऐका गं, पाटलाच्या लेकीनं पाणकणसाचं पीठ काढलं!" सगळ्या हसल्या. मग ती हसायची थांबली. "पंधरा घरं हायेत आमची. तीबी टाक जात्यात."

मी रडले नाही. उभी राहिले. तेव्हा ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहिते. "तुझ्या भावाला कागद काहून लागतो? दिवाळीला आला तवा इथंच बसला व्हता. म्या त्याच्या हातात दोनी दिले. बोटात फिरवून लगेच म्हनला, जिवनबाई, याला तर तीन कडा हायेत."

तू दिवाळीत तळ्यावर गेला होतास हे मला ठाऊक आहे, तुझ्या धोतराला चिखल होता. तिथे काय पाहिलंस ते ठाऊक नव्हतं. जिवनबाई रागात होती, माणूस रागात वाढवूनही बोलतं, म्हणून मी अजून काही ठरवत नाही. तूच लिही.

हे पत्र थावरा घेऊन येतो आहे. त्याच्या खांद्यावर ओल्या गोणपाटात दोन्ही जातींची ताजी झाडं आहेत, मुळापासून. न दाबलेली. त्यांचे बुंधे साहेबांपुढे काप. विसाव्या तारखेला सात दिवस आहेत.

गोजर


परभणी, ता. १६ एप्रिल १९३६

गोजरीस,

थावरा पोचला. त्याला ओसरीत बसवून भाकरी दिली आणि परत पाठवलं. जुडगा माझ्या बाकाखाली आहे. साहेबांपुढे ठेवलेला नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हो, दिवाळीत मी पाहिलं होतं. तीन कडा होत्या. जानेवारीत तरी तुला विचारलं, कारण कचेरीला कागदावर पुरावा लागतो.

आता पत्र फेकून न देता पुढचं वाच. तुझ्या पुड्या यायच्या चार दिवस आधी मला आबांचं पत्र आलं होतं. पूर्वेचा खोल भाग राखला तर गाळपेरीला उरतं काय? उथळातला गाळ पातळ, त्यात हरभराही धड येत नाही. खरा गाळ त्या तुझ्या शिंगाड्याखाली आहे. आबांनी तो तळ आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आहे, आणि गोरेगावच्या मंडळींना त्यात निम्म्याने पेरायला देण्याचा शब्द दिला आहे. ती सोयरीक त्या शब्दावर उभी आहे. तुझी सोयरीक, गोजर. माझं त्यात काय आहे?

तुझ्या पुड्या उघडल्या आणि पानं सपाट निघाली, तेव्हा मला हायसं वाटलं. खोटं लिहायची वेळ माझ्यावर आली नाही. सपाट दिसलं, सपाट लिहिलं. आजही कुणी मिसल उघडली तर त्यात तुझं पान आहे आणि चिठ्ठीवर तुझं अक्षर आहे. माझ्या हातचं काही नाही. म्हणून तुझ्या भल्यासाठी सांगतो, गप्प राहा. बोलशील तर हसं तुझं होईल.

तांडा काय, इथून उठेल आणि दुसरीकडे बसेल. ते पूर्वीही फिरतच होते.

संतराम


लोणाळी, ता. १८ एप्रिल १९३६

दादा,

काल सकाळी आबांनी माणसं घातली. वीस तारखेची वाटही पाहिली नाही. मी धावत तळ्यावर गेले. पाट पश्चिमेला बुजला आहे आणि कुदळी पूर्वेला चालल्या होत्या. मी म्हटलं, "आबा, तारीख वीस आहे. आणि हे ते नव्हे."

आबा म्हणाले, "तारीख कचेरीची, तळं गावाचं. तू घरी चल."

"गावाचं म्हणता, मग तांडा कुणाचा?"

"लई शिकवली तुला संतरामनं," एवढं बोलून त्यांनी माणसांना हात केला. थावरा बांधावर उभा होता. तो उपटलेली झाडं आपल्या बाजूला ओढत राहिला.

तू मला अक्षरं शिकवलीस, त्याबद्दल मी आजवर कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. काल पहिल्यांदा खाली पाहिलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला हायसं वाटलं! माझी पानं मोडली, मला अन्न गोड लागेना, आणि तुला बसायला सावली झाली. पूर्वीही फिरतच होते, असं लिहिताना तुझा हात कसा अडला नाही? जिवनबाईची मुलं कुठे जन्मली? ह्या तळ्यावर. माझी सोयरीक म्हणतोस, तर मला कुणी विचारलं होतं? मला न विचारता माझ्यासाठी चोरी करायची आणि वर मला भल्याचं सांगायचं!

मी अर्ज लिहिला आहे. सोबत आहे. त्यात म्हटलं आहे की मिसलीतली पानं मी जात्याखाली दाबली होती, म्हणून ती पुरावा धरू नयेत. कचेरीत संतराम सोनाजी यांच्या बाकाखाली दोन्ही जातींची ताजी झाडं आहेत, ती बुंध्याशी कापून पाहावीत, तोवर खोदाई थांबवावी. खाली माझी सही आहे.

तुला दिवाळीपासून ठाऊक होतं, हे अर्जात नाही. तीन वेळा लिहायला बसले. ठाऊक असलेली गोष्ट गाळून मी आजवर कधी काही लिहिलेलं नाही, वैद्याला आईचं दुखणं कळवतानाही नाही. तू मला हे करायला लावलंस. याचा राग मला तळ्याच्या रागापेक्षा मोठा वाटतो, आणि मग त्याची लाज वाटते, कारण पंधरा घरांपुढे माझ्या एका ओळीचं काय आहे? पण वाटतं ते खरं आहे.

म्हणून सहीच्या वर चार बोटं जागा सोडली आहे. ती ओळ तू लिही.

नाही लिहिलीस तर साहेब पंचवीस तारखेला काम पाहायला येणार आहेत. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून त्यांच्यासमोर पान कापीन. त्यांनी विचारलं तर सगळं सांगेन. आबा तिथे असतील, गाव असेल. असू दे.

गोजर


परभणी, ता. २२ एप्रिल १९३६

गोजर,

अर्ज दिला.

सोडलेल्या जागेत लिहिलं. तुझ्या अक्षराशेजारी माझं अक्षर वाईट दिसतं. साहेबांनी वाचून जुडगा मागवला. गोणपाट वाळलं होतं, पण बुंधे ओले होते. त्यांनी स्वतःच्या चाकूने दोन्ही कापले आणि दोन काप कागदावर शेजारी ठेवले.  मग म्हणाले, "ये तो अंधा भी बता दे." माझ्याकडे पाहून विचारलं, "कब से मालूम था?" मी म्हटलं, दिवाळीपासून.

खोदाई थांबवायचा हुकूम घेऊन उद्या स्वार निघेल. मला पहिल्या तारखेपासून कामावर यायला मनाई आहे. लोक ऐकत होते. शेजारच्या बाकावरच्याने माझी दौत आपल्याकडे ओढून घेतली.

आबांना काय सांगायचं ते तू सांग. तुला हवं होतं ते झालं. आता मला पत्र लिहू नकोस.

संतराम


लोणाळी, ता. २९ एप्रिल १९३६

दादा,

तू लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. मला हवं होतं ते झालेलं नाही, आणि ते तुला कळलंच पाहिजे.

स्वार चोवीस तारखेला दुपारी आला. तोवर पूर्वेचं बहुतेक सगळं उपटून झालं होतं. बांधाच्या अगदी कडेला एक पट्टी उभी आहे, लांबी चाळीस हात, रुंदी अकरा हात. एका टोकाला नऊच. मी दोरीने मोजली. चटईला कापता येईल असं त्यात काही नाही, ती पट्टी बियाणं म्हणून राखावी लागेल.

आबा घरात बोलत नाहीत. मी वाढायला गेले की ताट सारतात, मग आई वाढते. गोरेगावहून निरोप आला की मुलगा अजून लहान आहे. तो चोवीस वर्षांचा आहे. मला याचं वाईट वाटलं की नाही, हे अजून माझं ठरत नाही.

हुकूम आला त्याच संध्याकाळी मी जिवनबाईकडे गेले. वाटलं होतं, ती जरा मऊ झाली असेल. खोदाई थांबली म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "मग? पेढे वाटू?"

तिने हातातलं पान बाजूला ठेवलं.

"तुमच्या कागदानं गेलं, तुमच्याच कागदानं थांबलं. सायबानं म्हने चाकूनं कापून पाह्यलं. माझी सासू आंधळी व्हती, तिनं ह्याच्या चटया इनल्या. आमाला इचारायला एक तरी मानूस आला व्हता का? सायेब न्हाई, पाटील न्हाई, तुझा भाऊ न्हाई. आन तू?"

मी म्हणणार होते की मी आले होते. जानेवारीत मी तिच्याजवळ दोन दिवस बसले होते. वीतभर वर काप, शेंड्याला पाहू नको, हे तिनेच माझा हात धरून दाखवलं होतं. आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर मी काय लिहिलं? 'शोधून पाठवणारी, गोजर सोनाजी, लोणाळी.' तिचं नाव लिहावं असं माझ्या मनातही आलं नाही. अक्षर नीट यावं म्हणून मी ती चिठ्ठी दोनदा लिहिली होती, तरी तिचं नाव सुचलं नाही. तुझ्यावर एवढी ओरडले, त्यातलं थोडं माझ्याकडेही येतं. ते मी घेतलं आहे. तुझं त्यामुळे कमी होत नाही.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "नाव घेऊन काय करू? हात दे."

तर आता काम असं आहे. उपटलेली मुळं थावराने बांधावर ओढून ओल्या गोणपाटाखाली ठेवली आहेत, म्हणून ती अजून जिवंत आहेत. पण आबांच्या माणसांनी पश्चिमेची आणि पूर्वेची एकाच ढिगात टाकली आणि पानं छाटून नेली. बोटभर खुंट उरले आहेत, वाळून आकसलेले. चुकीचं मूळ पूर्वेला लागलं तर तिथेही तेच बुजवणारं माजेल. म्हणून एकेक मूळ हातात घेऊन निवडायचं. जिवनबाई खुंटाच्या तळाशी अंगठा दाबते आणि न पाहता बाजूला टाकते. मी सकाळपासून निवडते आहे. पहिल्या दहांत माझी चार चुकली. पाट बुजवणाऱ्याला ती म्हशीचं म्हणते. तिने ती माझ्या पदरात परत फेकली, "हे म्हशीचं, हेबी म्हशीचं. डोळे मीट, मंग कळंल." दुपारी दहांत दोन चुकली. मी कागद घेऊन बसले नव्हते, मोजलं फक्त.

लावलेलं मूळ कापणीला यायला तीन वर्षं लागतात, असं थावरा सांगतो. तोवर पाच घरं वऱ्हाडात कामाला जाणार आहेत, दहा थांबणार आहेत. थांबणाऱ्यांचं काय होईल ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

ढीग माणसाएवढा उंच आहे. बायका आठ, मी नववी. तुला परवापासून कचेरी नाही. गाडीने ये, पायी ये, कसाही ये. आबा तुला दारात उभं करणार नाहीत, तांड्यावर उतर. थावराला मी विचारलं आहे. तो म्हणाला, "येऊ द्या. दोन हात तर हायेत." जिवनबाई नको म्हणाली नाही.

माफी मागायला येऊ नकोस, कुणाला ती ऐकायला सवड नाही. येताना दोन रिकामी गोणपाटं आण.

मुळं रविवारच्या पुढे जगणार नाहीत. माझा राग जगेल, त्याची घाई नाही.

गोजर